जिना

रद्दीवाल्या इसाकभाईचा ताणकाटा दोन दिवसांसाठी मागून आणलाय.
बॅग अडकवून मी उचलतो, यमीमा खाली बसून आकडा वाचते.
चोवीस किलो सहाशे.
तेवीसच्या वर गेलं की विमानवाले पैसे मागतात,
हे मला ठाऊक असायला हवं होतं.
सव्वीस वर्षं ओझरच्या कारखान्यात रिव्हेट मारतोय,
किती पंख या हातांखालून गेले,
आणि विमानात बसणार पहिल्यांदा, परवा.

तिचं परदेश म्हणजे आजवर कॅनडा कॉर्नर.
तिथला सिग्नल, तिथला सँडविचवाला, क्लास सुटल्यावरच्या मैत्रिणी.
आता मोंबासा. अठरा दिवस.
मंडळीतून नऊ जण, त्यात बाप-लेक आम्हीच.
तिच्या आईला रजा मिळाली नाही.
रात्रपाळीहून येऊन तिने आमचे दंड पाहिले,
पिवळ्या तापाची सुई जिथे टोचली तिथे अंगठा दाबून म्हणाली,
"नीट दिलीय."
मग झोपायला गेली. झोपली नाही. कूस बदलल्याचा आवाज येत होता.

बॅगेत शाळेच्या भिंती रंगवायचे ब्रश आहेत,
मनुका, चिवड्याची चार पाकिटं, माझी बीपीची गोळी,
तिच्या आजोबांचं नवा करार, ज्याचं पाठकोरं मी फेव्हिकॉलने लावलंय.
आणि वहीतून फाडलेलं एक पान.

पाळकसाहेब म्हणालेत, प्रत्येकाने तीन मिनिटांची साक्ष तयार ठेवा.
तिच्या पानावर पहिलं वाक्य:
मी अंधारात चाचपडत होते.
"कुठल्या अंधारात?" मी विचारलं. "लोडशेडिंगच्या?"
ती हसली नाही.
"सगळे असंच लिहितात, पप्पा. मला तो अंधार सापडत नाहीये.
आणि उजेड सापडलाय का, तेही नक्की नाही."
मी ताणकाटा धरून उभा.
काट्याला काही लावलेलं नव्हतं, तरी तो हलत होता.

रविवारी भक्ती संपल्यावर तिला शरणपुरात चालत फिरवलं.
लहानपणी माझ्या बापाने सांगितलं होतं तेच सांगितलं,
की गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेची पोरं
इथे आणून ठेवली होती, दीडशे वर्षं झाली असतील.
सुतारकी शिकली, लोहारकी शिकली,
यातली काही मग परत समुद्र ओलांडून गेली,
तिकडेच, मोंबासाला.
"मराठी येत असेल त्यांना?"
माहीत नाही म्हणालो.
"थंडी वाजत असेल ना, डिसेंबरात?"
तेही माहीत नाही.
ती बराच वेळ गप्प होती. रिक्षात बसल्यावर म्हणाली,
"म्हणजे आपल्या आधी ते येऊन गेलेत. मग आपण तिथे जाऊन
पहिल्यांदाच काहीतरी सांगतोय असं का बोलायचं?"
रिक्षावाल्याने आरशातून बघितलं.
मी सुट्टे शोधत राहिलो.

आज बॅगेतून तिने हेअर ड्रायर काढला,
मी माझे जाड बूट काढले.
बावीस किलो नऊशे.
पान तिने ठेवलं, पण त्यावरचं पहिलं वाक्य खोडलंय,
त्याखाली नुसते प्रश्न आहेत, मी सगळे वाचले नाहीत.

माझी साक्ष अजून झालेली नाही.
यूट्यूबवरून ती मला स्वाहिली शिकवतेय.
त्यांच्या भाषेत नावाला जिना म्हणतात.
"जिना लांगू नी... पुढे स्वतःचं नाव घ्या, पप्पा."
जिना लांगू नी, मी म्हणतो, आणि अडकतो,
छप्पन वर्षांचा माणूस, शलमोन बापूराव भांबळ,
इतक्या सोप्या ठिकाणी.
"एकेक पायरी," ती म्हणते,
आणि पहिल्यांदा हसते, माझ्यावर.
आतून तिची आई ओरडते,
"साडेअकरा वाजलेत. उद्या पासपोर्ट कुणाकडे आहेत?"

दोघंही एकदम खिसे चाचपतो.